नऊ महिने प्रोजेक्टर वापरल्यावर: पडदा भरण्यापेक्षा चित्राचा आकार सांभाळा

बेळगावात आमच्या गल्लीतल्या मंडळासाठी प्रोजेक्टर घेऊन आता नऊ महिने झाले. उजेड चांगला आहे, पंख्याचा आवाज हॉलमध्ये जाणवत नाही, त्याबद्दल काही तक्रार नाही. लिहायचं आहे ते ॲस्पेक्ट रेशोबद्दल. म्हणजे चित्राची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाबद्दल. पहिले दोन महिने आम्ही बरंच काही चुकीच्या आकारात बघत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

बसवायला आलेल्या माणसानं मेनूत १६:९ निवडून दिलं. पडदा काठोकाठ भरला, सगळे खूश. मग एका रविवारी जुन्या कुस्त्यांच्या मैदानाची कॅसेट डीव्हीडी करून आणली होती ती लावली. जुना डीव्हीडी प्लेअर, लाल-पांढरी-पिवळी पिन. समोर आमचे वस्ताद बसले होते, वय ऐंशीच्या पुढं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो बुटका कोण गा? माझ्या पोराची मान असली नव्हती." ज्या पैलवानाला त्यांनी स्वतः घडवला, तोच त्यांना ओळखू आला नाही.

मला ते फार लागलं. पडद्याजवळ जाऊन चित्र थांबवलं. कडेला एक हलगीवाला कॅमेऱ्यासमोर सरळ हलगी धरून उभा होता. टेप लावून मोजली: आडवी २४ इंच, उभी १८. मेनूत ४:३ केलं, पुन्हा मोजली: आडवी-उभी सारखीच. त्या काळच्या व्हिडिओ कॅसेटचं चित्र ४:३ असायचं, आणि ते १६:९ मध्ये ताणलं की प्रत्येक माणूस उंचीच्या मानानं एक-तृतीयांश जास्त रुंद होतो. पैलवानाचा देह असा रुंद झाला की बघायचं काय राहिलं? वस्तादांनी ती कुस्ती त्या दिवशी तीन वेळा बघितली.

तेव्हापासून नवीन काही जोडलं की आधी गोल वस्तू शोधतो. लॅपटॉप असेल तर पेंटमध्ये शिफ्ट दाबून वर्तुळ काढायचं आणि पडद्यावर टेप लावायची. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, दहा मिनिटांत डोळा ताणलेल्या चित्राला सरावतो.

आमचा प्रोजेक्टर मुळात १२८० बाय ८०० पिक्सेलचा, म्हणजे १६:१०. त्यावर १६:९ चं चित्र १२८० बाय ७२० मध्ये बसतं, वर-खाली थोडी पट्टी राहते. ४:३ चं चित्र साधारण १०६७ बाय ८०० होतं, पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला. सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राच्या सिनेमाला फक्त ५३५ च्या आसपास ओळी मिळतात. उभा धरून काढलेला मोबाइलचा व्हिडिओ तर ४५० पिक्सेल रुंदीचा, तो तसाच राहू द्यावा. खोक्यावर '१०८०पी सपोर्ट' असं लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तो सिग्नल घेता येतो एवढाच त्याचा अर्थ. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे मशीनचे स्वतःचे पिक्सेल, किती ते विचारा. घरी फक्त सिनेमे आणि क्रिकेट बघणार असाल तर नेटिव्ह १९२० बाय १०८० घ्या. आमच्यासारखं लॅपटॉप, भाषणं, जुन्या फिती असं सगळं मिसळून असेल तर १६:१० सोयीचं.

मेनूतलं 'ऑटो', म्हणजे प्रमाण मशीननंच ठरवायचं, ते वाईट नाही. एचडीएमआयच्या सिग्नलबरोबर चित्राच्या प्रमाणाची माहिती येते, तिथं ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. व्हीजीएच्या जुन्या केबलमधून तसं काही येत नाही, प्रोजेक्टर रिझोल्यूशनवरून अंदाज बांधतो. आणि सेट-टॉप बॉक्सनं आधीच चित्र ताणून पाठवलं असेल तर प्रोजेक्टरच्या मेनूत कितीही फिरा, उपयोग नाही. आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथला ताण काढा.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत प्रोजेक्टर नेला होता, तिथं वेगळीच अडचण. पडदा ८ फूट बाय ६ फूट, म्हणजे ४:३, आणि बाईंच्या स्लाइड १६:९. चित्र साडेचार फूट उंच झालं, दीड फूट पडदा मोकळा. बाई म्हणाल्या, "सर, भरून दाखवा की, मागच्या पोरांना दिसंना." भरता आलं असतं, पण धडा भूमितीचा होता, आणि वर्तुळाचा अंडाकार मुलांना कसा दाखवायचा? पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा आकारच ४:३ केला, दोन-तीन स्लाइडवरचा मजकूर हलवून घेतला, अक्षरं मोठी झाली. २०१३ च्या आवृत्तीपासून पॉवरपॉइंटची नवी स्लाइड आपोआप १६:९ उघडते, हे शिक्षकांनी लक्षात ठेवलं तर पुष्कळ त्रास वाचेल.

कीस्टोनबद्दल, म्हणजे तिरक्या कडा सरळ करायच्या सेटिंगबद्दल, एवढंच: मशीन खाली स्टुलावर ठेवून तोंड वर केलं की चित्र वर रुंद होतं, ते कीस्टोननं सरळ करता येतं, पण त्यात पिक्सेल वाया जातात. आमच्या मशीनवर कडा सरळ झाल्या तरी वर्तुळ किंचित चपटं राहायचं. म्हणून सुताराकडून उंच घडवंची करून घेतली आणि कीस्टोन शून्यावर ठेवला.

काळ्या पट्ट्यांची लोकांना चीड येते हे मान्य, कारण त्या पुरत्या काळ्या नसतात, राखाडी उजळतात. लहानपणी टॉकीजमध्ये स्कोप सिनेमा सुरू होताना कडेचं काळं कापड सरकायचं, ते आठवलं. आम्ही शिंप्याकडून चमक नसलेल्या काळ्या कापडाच्या पट्ट्या शिवून घेतल्या, वेल्क्रोनं पडद्याला लावतो. आता झूम करून चित्र कापा असं कुणी म्हणत नाही.

एक खोट मात्र अजून आहे. इनपुट बदललं की हे मशीन ॲस्पेक्ट विसरतं आणि पुन्हा ऑटोवर जातं. शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या जुन्या कॅसेट सध्या डीव्हीडी करायला दिल्या आहेत. त्या आल्या की दर वेळी हातानं ४:३ लावावं लागणार, म्हणून रिमोटच्या मागं तसा कागद चिकटवून ठेवला आहे.