रॉ अंबरचं अंडरपेंटिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निसर्गदृश्यातल्या मुलांचं जुन्या वळणाचं तैलचित्र शिकताना आधी अख्खं चित्र एकट्या रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगात उभं करावं (हेच अंडरपेंटिंग), मग बाकीच्या रंगांना हात घालावा. आठ महिन्यांच्या वापरानंतर ही पद्धत मनापासून सुचवावीशी वाटते.

सरावाला अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार गेन्सबरो याने काढलेलं त्याच्या मुलींचं चित्र घ्या: फुलपाखरामागे धावणाऱ्या मेरी आणि मार्गारेट, साधारण १७५६, लंडनची नॅशनल गॅलरी. चित्र अपुरं राहिलंय, म्हणूनच शिकणाऱ्याला ते सोनं आहे. कुठे थांबायचं, ते त्यात दिसतं.

पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनने पातळ केलेला, तेल अजिबात नाही. उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढायच्या. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर सुकतो. पावसाळ्यात मात्र धीर धरावा लागतो. या थरात आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग नको. तो फार सावकाश सुकतो, वरचा थर आधी आवळतो आणि पुढे तडे जातात.

खरी कसोटी चेहऱ्यांची. पाच वर्षांचं मूल जेमतेम साडेपाच डोक्यांएवढं उंच असतं, आणि डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली येतात. नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणारी सावली जराशी गडद झाली, की पोर चाळिशीचं दिसतं. गाल हनुवटीकडे वळतो तिथे वाळलेल्या अंबरवर व्हाइट आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचा फिकट रंग कोरड्या ब्रशने अगदी पातळ ओढा. गडदावरचा पातळ फिकट थर आपोआप निळसर भासतो. तो थंड हाफटोन (उजेड आणि सावली यांमधली छटा) पॅलेटवर मिसळून इतका जिवंत येत नाही. हाच थर जाड झाला की टायटॅनियम व्हाइट खडूसारखा बसतो.

सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे अंबर सुकल्यावर मॅट, म्हणजे निस्तेज पडतं, टोन (फिकट-गडदाच्या पायऱ्या) कळेनासे होतात आणि हात उगाच गडद रंगाकडे जातो. दर बैठकीआधी त्या जागी जवसाच्या तेलाचा पुसट हात फिरवून कापडाने पूर्ण टिपून घ्या.

गालांच्या लालीला कारमाइन हा किरमिजी लाल रंग वापरू नका. गेन्सबरोचा समकालीन चित्रकार रेनॉल्ड्स याच्या चित्रांतली लाली त्याच्या हयातीतच उडायला लागली होती. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन हा लाल रंग टिकाऊ आहे.

झाडीसाठी यलो ऑकरमध्ये थोडा ब्लॅक पुरतो. तयार हिरवा चेहऱ्यांवर कुरघोडी करतो. पानांतला सर्वात उजळ ठिपकाही कपाळाच्या उजेडापेक्षा दोन छटा खालीच ठेवा.