क्लच घरीच सेट करून पावसाळा काढला, आता अनुभव सांगतो

गाडी १२५ सीसीची साधी कम्युटर, रोज फुरसुंगी ते सासवड, म्हणजे दिवे घाट दोन्ही वेळा. मे महिन्यात क्लच घरी अॅडजस्ट केला. इंजिनजवळ क्लच वायर येते तिथला लॉक नट सैल करायचा, अॅडजस्टर फिरवायचा, नट परत आवळायचा, एवढंच काम.

खरी परीक्षा त्यानंतर असते. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी फ्री प्ले, म्हणजे वायर ताणायच्या आधीची लिव्हरची मोकळी हालचाल, पाहिजे, बऱ्याच कम्युटरच्या मॅन्युअलमध्ये हेच दिलंय. "टाइट ठेव, पिकअप चांगला येतो" असं सांगणारे खूप भेटतात, प्लीज ऐकू नका. फ्री प्लेच नसला की लिव्हर सोडल्यावरही क्लचच्या प्लेटा (एकमेकींवर दाबून इंजिनची ताकद पुढे नेणाऱ्या चकत्या) पूर्ण दाबल्या जात नाहीत, मग घाटात गाडी नुसती रेस होते, पळत नाही आणि जळका वास येतो. उलट वायर ढिली असेल तर लिव्हर पूर्ण दाबला तरी प्लेटा सुटत नाहीत, फर्स्ट टाकला की खाडकन आवाज, गाडी पुढे ओढते आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या लागत नाही.

मला हाच दुसरा त्रास ऑगस्टमध्ये सुरू झाला. सेट केला की दोन-चार दिवस मस्त, की परत ढिला. एका गॅरेजवाल्याने सरळ प्लेटांचा सेट बदला म्हणून सांगितलं. पण प्लेटा झिजल्या की फ्री प्ले कमी होतो हो, वाढत नाही! वाढतोय म्हणजे आधी वायर बघायची. लिव्हरजवळचं रबर मागे सारलं तर निपलपाशी (वायरच्या टोकाचा लिव्हरमध्ये अडकणारा गोळा) वायरचे बारीक तार तुटून झाडूसारखे बाहेर आलेले, उरलेल्या तीन-चार तारांवर सगळा क्लच चालू होता. घाटात तुटली असती तर काय, विचार करूनच अंगावर काटा आला.

नवी वायर दोनशेच्या आत मिळाली. जुनी जिथून जाते अगदी तिथूनच घाला, आणि बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर तपासा, फ्री प्ले बदलत असेल तर वायर कुठेतरी ओढली जातेय.

आणखी एक, ऑइल. आपल्या बहुतेक गाड्यांच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच भिजलेल्या असतात, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा भिजलेल्या क्लचसाठीच्या ऑइलचं मानक) लिहिलेलंच घ्या. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून ओतलं आणि क्लच घसरायला लागला, तर अॅडजस्टर कितीही फिरवा, फरक पडणार नाही.

वायर बदलल्यापासून दिवाळी होऊन गेली तरी अॅडजस्टर एकदाच जरासा फिरवावा लागलाय, तोही नवी वायर सुरुवातीला थोडी ताणते म्हणून. न्यूट्रल आता एका टिचकीत लागतो.