1098 चाइल्ड हेल्पलाइन आणि त्यामागची सगळी साखळी: एका शिक्षिकेचा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मराठवाड्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की आमच्याकडे हजेरीपट गळायला लागतो कारण आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात, काही लेकरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि काहींना नातेवाइकांकडे ठेवतात. ज्या लेकराबद्दल लिहितेय ते काकाकडे ठेवलेलं होतं. वय 9. गाव, जिल्हा, शाळा काही लिहित नाही, त्याची ओळख बाहेर जाऊ नये म्हणून, कायद्यालाही ते चालत नाही.

आधी फोनबद्दल सांगते. 1098 हा नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे पण मी स्वतः कधी लावला नव्हता. पोराच्या हातावर चटके दिसले, मी विचारलं तर म्हणाला चहा सांडला. दोन आठवड्यांनी परत डाग दिसले, या वेळी पोटरीवर, आणि चहा पोटरीवर गोल गोल डागांत कसा सांडेल. मधल्या सुट्टीत खिचडी दोनदा घ्यायचा, दुपारी बाकावर झोपायचा. मुख्याध्यापक सर म्हणाले आधी घरी बोलू, पण घरी बोलून लेकराला जास्त मार बसला तर काय करायचं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी फोन लावला. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. ही हेल्पलाइन 1996 ला मुंबईत टिसमधून (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाली, पुढे चाइल्डलाइन संस्था चालवायची, 2023 पासून सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आली आणि 112 या आपत्कालीन नंबरला जोडली. उचलणाऱ्या ताईंनी शांतपणे ऐकलं, मुलगा आत्ता या क्षणी धोक्यात आहे का हे पहिल्यांदा विचारलं, माझं नाव घरच्यांना कळणार नाही हे स्वतःहून सांगितलं. एकच तक्रार, तीच माहिती हेल्पलाइनच्या जिल्ह्यातल्या युनिटकडून आलेल्या फोनवर पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, म्हणजे पहिल्या ताईंनी लिहून घेतलेलं पुढे गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या युनिटचे केसवर्कर दादा, म्हणजे प्रत्यक्ष येऊन चौकशी करणारे, शाळेत आले. तरुण पोरगा, मोटारसायकलवर, पण लेकरासमोर खाली जमिनीवर बसला, आधी अर्धा तास क्रिकेटवरच बोलला आणि मग हळूच विचारलं. लेकरानं सांगितलं. काका दारू पिऊन बिडीचे चटके द्यायचा.

त्यानंतर सुरू झालं ते मला सगळ्यात जास्त खटकलं. लेकरानं केसवर्करला सांगितलं, मग पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकारी मॅडमना सांगितलं (त्या साध्या कपड्यात आल्या होत्या, हे बरं केलं), मग सिव्हिलमध्ये (जिल्ह्याचा सरकारी दवाखाना) केसपेपर काढताना मान वर न करता लिहिणाऱ्या एका डॉक्टरांना सांगितलं, आणि चौथ्यांदा कुणी विचारलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, मॅडम, परत सांगू का? तेव्हा मला तिथल्या सगळ्यांचा आणि माझाही राग आला. प्रत्येकाला आपला फॉर्म भरायचाय, पण एकाचा कागद दुसरा वाचत नाही, आणि मधे 9 वर्षांचं लेकरू प्रत्येक टेबलावर तेच सांगत उभं.

ते थांबवलं सिव्हिलमधल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमनी. हे पद सरकारी दवाखान्यात असतं हेच आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही, मलाही नव्हतं. त्या वॉर्डात आल्या, लेकराला बिस्किटं दिली, आणि आम्हाला सगळ्यांना स्पष्ट म्हणाल्या, तुम्हाला जे विचारायचंय ते मला विचारा, लेकराला आता कुणी विचारायचं नाही. मग त्यांच्या छोट्या खोलीत आम्ही बसलो. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर, पोलीस मॅडम, केसवर्कर दादा, मी, आणि फोनच्या स्पीकरवर आमच्या गावच्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका.

पाऊण तासाची बैठक असेल. पण त्या पाऊण तासात जे जुळलं ते आधीच्या दोन महिन्यांत जुळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले डाग एका वयाचे नाहीत, काही भरलेले, काही ओले, म्हणजे अपघात एकदा झाला असं म्हणता येत नाही, एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करावीच लागेल. मी हजेरी सांगितली, कोणत्या कोणत्या दिवशी आला नाही ते. आशाताई म्हणाल्या काकू गरोदर आहे, तपासणीला आणली तेव्हा तिच्या दंडावर वळ होते, पडले म्हणाली होती. आणि सेविका ताईंनी सांगितलं की काकूच्या लहान पोरीचं वजन तीन महिने वाढलेलं नाही, पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर, नोंद आहे. तोपर्यंत आम्ही सगळे एका लेकराचा विचार करत होतो, त्याच घरात मार खाणारी बाई आहे आणि अजून एक लेकरू आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आशाताईंना बाईचं माहीत होतं, सेविकेला पोरीचं, मला पोराचं, आणि आम्ही तिघी एकाच गावात राहतो हो, रोज एकमेकींना दिसतो.

अजून एक चांगली गोष्ट, समाजसेवा अधीक्षक मॅडमनी कुठली माहिती कुणाला द्यायची यावर कडक लक्ष ठेवलं. काकूच्या तब्येतीचं सगळं आमच्यासमोर बोलू दिलं नाही, म्हणाल्या लेकरांच्या सुरक्षेला जेवढं लागतं तेवढंच इथं, बाकी तिच्याशी वेगळं बोलून, तिला विचारून. मग काकूसाठी सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आणि घरगुती हिंसाचार कायद्याचे संरक्षण अधिकारी यांच्याकडे दुवा जोडून दिला. तेही त्यांचं काम होतं का मला माहीत नाही, पण केलं.

बाल कल्याण समितीबद्दल थोडं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं लेकरू ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीसमोर न्यावं लागतं, अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, ते कोर्टासारखं दिसत नाही. आमच्या वेळी एका मॅडमनी लेकराला विचारलं तुला कुठं राहायचंय. आजीकडं, म्हणाला. आईचं माहेर तालुक्यातच आहे. पण लगेच पाठवलं नाही, आधी बालगृहात ठेवलं, आजीच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल केला, आईबापाला बोलावलं. बाप कर्नाटकात फडावर होता, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मुकादम सोडेना, शेवटी पोलीस मॅडमनी मुकादमाला फोन केला तेव्हा दोन दिवसांनी आला. आल्यावर समितीच्या दारातच बसून रडला. त्याला कुणी रागावलं नाही, मला ते बरोबर वाटलं, पोटासाठी गेलेला माणूस तो. अकरा दिवसांनी लेकरू आजीकडं गेलं आणि बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2250 रुपये मिळावेत म्हणून प्रस्ताव गेला. पैसे सुरू व्हायला फार वेळ लागला, तोवर आजीनं आणि आम्ही शिक्षकांनी भागवलं. ज्या घरात एक तोंड अचानक वाढतं तिथं पहिल्याच महिन्यात मदत लागते, नंतरची काय कामाची.

काकावर गुन्हा नोंद झालाय, त्यावर जास्त लिहिणार नाही.

नंतरचं फॉलोअप कमजोर आहे, हे सांगायलाच पाहिजे. केसवर्कर दादा दोनदा आजीकडं जाऊन आले, मग त्यांची बदली झाली की काम सोडलं कळलं नाही, समुपदेशक म्हणून ज्यांच्याकडे पाठवणार होते ती जागा रिकामी असल्याचं सांगितलं. लेकरू अजून रात्री दचकून उठतं असं आजी म्हणते. शेवटी आशाताईंनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला आणि तिथून सिव्हिलच्या मानसिक आरोग्य विभागात तारीख मिळाली. म्हणजे इथंही एका आशाताईनंच जोडून दिलं.

आणि गावातली ग्राम बाल संरक्षण समिती, सरपंच अध्यक्ष असतात ती, आमच्याकडे कागदावर होती, बैठक झालेली कुणाला आठवत नव्हती. आता मी, आशाताई आणि सेविका ताई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अंगणवाडीत अर्धा तास बसतो, कोण शाळेत येत नाही, कुणाचं वजन उतरलंय, कुठल्या घरचे आईबाप तोडीला जाणार आहेत आणि लेकरं कुणाकडे ठेवणार आहेत. चहा सेविका ताई करतात.

रेटिंग द्यायचं तर फोनला पाचपैकी चार, केसवर्करला पाच, दवाखान्यातल्या पहिल्या खिडकीला दोन, समाजसेवा अधीक्षक मॅडमना पाच (माझ्या हातात असतं तर जास्त), समितीला चार, नंतरच्या फॉलोअपला दीड.

फोन जरूर लावा, खात्री नसली तरी लावा, तपासायचं काम त्यांचं आहे आपलं नाही. लेकराकडून सगळं काढून घ्यायला जाऊ नका, त्यानं जेवढं सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दात लिहून ठेवा आणि पुढं प्रत्येकाला तो कागद दाखवा म्हणजे त्याला परत सांगावं लागणार नाही. सिव्हिलला गेलात तर सरळ समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा. आणि पहिला डाग दिसला त्या दिवसाची तारीख लिहा. मी लिहिली नव्हती, अहवालात "साधारण दिवाळीनंतर" एवढंच सांगता आलं.