जुनी कॅराव्हॅन, अकरा महिने आणि कोबार ते ब्रोकन हिलचा रस्ता

मागच्या ऑगस्टमध्ये सिडनीत आम्ही 17 फुटी जुनी कॅराव्हॅन घेतली. अकरा महिन्यांत जवळजवळ 12,000 किलोमीटर ती गाडीमागे लावून फिरलोय. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, घ्यावी का? मग पलंग केवढा, शॉवर आहे का, एसी चालतो का. वजनाचं कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून एकाच रस्त्याबद्दल सांगते. कोबार, विल्कॅनिया, ब्रोकन हिल; बॅरियर हायवेने साधारण 455 किलोमीटर, सकाळी निघून दुपारी पोचायचं. हा रस्ता आम्ही ऑक्टोबरमध्ये केला आणि परत जूनमध्ये.

ऑक्टोबरमध्ये मागच्या बंपरवर दोन सायकली होत्या आणि मागच्या कपाटात तांदूळ, डाळी, पिठं, पाण्याचे कॅन. जागा तिथे होती म्हणून सामान तिथे. एमडेल रोडहाऊसच्या अलीकडे समोरून रोड ट्रेन आली, म्हणजे दोन ट्रेलर जोडलेला ट्रक, 36.5 मीटर लांब. शेजारून जाताना तिच्या हवेने आधी आम्हाला बाहेर ढकललं, मग आत ओढलं, आणि कॅराव्हॅनचं शेपूट हलायला लागलं. डाव्या आरशात कॅराव्हॅनची भिंत दिसायची, लगेच उजव्या. नवऱ्याने ब्रेक न मारता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि मी डॅशबोर्डखालचं ब्रेक कंट्रोलरचं बटण दाबून धरलं. त्याने फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लागतात आणि ती ताणली जाऊन सरळ होते. पाच-सहा सेकंद गेले असतील. पुढे थांबून दार उघडलं तर तुरीच्या डाळीचा डबा पडून उघडलेला, डाळ पार पलंगाखाली. मी खाली बसून ती गोळा करत होते आणि बोटं थरथरत होती.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "तुमची गाडी 3 टन ओढते, बिनधास्त न्या." गाडी ओढतेच. घरी आल्यावर कॅराव्हॅन वजनकाट्यावर नेली तेव्हा कळलं, एकूण वजन 2,060 किलो, मर्यादा 2,100. म्हणजे तिथेही जेमतेमच. पण टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅराव्हॅन जोडतात त्यावर, भार फक्त 120 किलो. तो एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. मी लातूरची. आमच्याकडे बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार झाली म्हणतात, जू वर उचलायला लागतं. शेतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि आम्ही तीच चूक 95च्या वेगाने करत होतो.

मग सायकली गाडीच्या टपावर गेल्या. धान्य आणि जड भांडी चाकांच्या वर, खालच्या कप्प्यात. आता बॉलवर 205 किलो येतं. टायरचं प्रेशर रोज सकाळी, टायर थंड असतानाच बघतो. जूनमध्ये त्याच रस्त्यावर चार रोड ट्रेन भेटल्या; नुसता धक्का जाणवला, शेपूट हललं नाही. वायरलेसवर चॅनल 40 लावून ठेवा, ट्रकवाले तिथेच बोलतात. मागून कुणी ओव्हरटेक करत असेल तर आपला वेग वाढवू नका. डिझेलचा खर्च जवळजवळ दुप्पट धरा.

विल्कॅनियाला आम्ही दोन तास थांबलो. ही बार्किंजी लोकांची भूमी आणि डार्लिंग नदीला ते बाका म्हणतात. एकेकाळी वाफेच्या बोटी लोकर न्यायला इथपर्यंत यायच्या; बोटींसाठी मधला भाग वर उचलता येणारा 1896चा जुना पूल अजून उभा आहे. त्या वैभवातल्या दगडी इमारतीही. नदीकाठी गमच्या, म्हणजे निलगिरीच्या झाडांच्या सावलीत कुकर लावला, खिचडी केली. पाणी संथ, मातकट होतं.

तिथून ब्रोकन हिल 195 किलोमीटर. झाडं खुजी होत जातात, एमू आणि रानशेळ्या रस्त्याकडेला चरतात. चारनंतर आम्ही चालवतच नाही, कारण कांगारू अंधार पडताना बाहेर येतात आणि सूर्यही पश्चिमेला, थेट डोळ्यांवर. ब्रोकन हिलची घड्याळं सिडनीच्या अर्धा तास मागे. चांदी, शिसं आणि जस्ताच्या खाणींचं गाव, रस्त्यांची नावंही तशीच: अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड. दुष्काळात इथे एकेकाळी रेल्वेने पाणी आणत. 2019पासून मरे नदीचं पाणी 270 किलोमीटरच्या पाइपलाइनने वेंटवर्थहून येतं. 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती, तेव्हा आई फोनवर रडली होती. त्यामुळे इथे टाकीत पाणी भरताना मी नळीतलं पाणी कधी सांडू देत नाही.

बाकी थोडक्यात. गॅस-विजेवर चालणारा जुना फ्रिज जानेवारीच्या उकाड्यात दूध टिकवू शकला नाही, म्हणून कॉम्प्रेसरचा घेतला. तो पैसा वसूल. शॉवर अकरा महिन्यांत चारदा वापरला. छताच्या झडपेचं रबर सुकलंय आणि कच्च्या रस्त्यावर लाल धूळ उशीपर्यंत येते, ते पुढच्या सहलीआधी बदलायचंय. कॅराव्हॅन पाहायला जाल तेव्हा पलंगावर बसून बघाच, पण आधी रिकाम्या आणि भरलेल्या वजनाची काट्यावरची पावती मागा. आणि बॉलवरचा भार तुमच्यासमोर मोजून घ्या.