कॅश, डेटा, कार्ड की फॅक्टरी रिसेट: कॅमेरा अडला तर आधी कशाला हात लावावा?

‘फोनचा कॅमेरा चालत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी दडलेली असतात. पडद्यावर चित्र नीट दिसतंय, पण शटर दाबल्यावर फोटो सेव्ह होत नसेल तर अडचण साठवणुकीची आहे. पडदा काळा राहत असेल किंवा अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल तर ती कॅमेऱ्याची. हे आधी ठरवा, कारण एकीचा उपाय दुसरीवर केला तर गुण येत नाही आणि फोटो मात्र जाऊ शकतात.

सेव्ह होत नाही: फोनची मेमरी की कार्ड?

मेमरी कार्ड असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज लोकेशन ‘फोन’ करा आणि एक फोटो काढून पाहा. सेव्ह झाला तर संशय कार्डावर. आता कार्डावरचे दोन-तीन बिनकामाचे फोटो डिलीट करून फोन रीस्टार्ट करा. डिलीट केलेले फोटो परत दिसू लागले, किंवा ‘फॉरमॅट झालं’ असं सांगूनही जुन्या फाइल्स जिथल्या तिथे असल्या, तर कार्डाचं आयुष्य संपलंय. झिजलेलं कार्ड लिहिणं थांबवतं आणि काही काळ फक्त वाचू देतं. त्यावर पुन्हा पुन्हा फॉरमॅट करत बसू नका. वाचतंय तोवर सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि कार्ड बदला.

फोटो निघतात पण व्हिडिओ काही सेकंदांत आपोआप थांबतो, तेव्हा बहुधा कार्ड हळू असतं. क्लास १० किंवा यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी; यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३० एमबी. ४के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या, रेकॉर्डिंगसाठी व्ही३० घ्या. ए१, ए२ हे शिक्के अ‍ॅप चालवण्याच्या वेगाचे आहेत, त्यांच्याकडे पाहून व्हिडिओसाठी कार्ड निवडू नका. नकली कार्डाची खूण वेगळी: ठरावीक मर्यादेपर्यंत सगळं नीट, पुढच्या फाइल्स उघडतच नाहीत. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू (h2testw) हे कार्ड तपासणारं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण कार्ड भरून तपासलं की खरी क्षमता कळते.

कार्ड घालताना काही अँड्रॉइड फोन विचारतात, पोर्टेबल की इंटर्नल? फोटोंसाठी पोर्टेबलच निवडा. इंटर्नल केलेलं कार्ड एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लागून) होऊन त्याच फोनला बांधलं जातं. फोन बिघडला किंवा रिसेट झाला तर त्यातलं काहीच दुसरीकडे उघडत नाही.

फोनची मेमरीच भरली: कॅश की फाइल्स?

कॅश, म्हणजे अ‍ॅप्सनी साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, साफ करणं निर्धोक आहे, पण त्यातून मिळतं थोडं. आयफोनवर एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये ४के, सेकंदाला ३० फ्रेम्सच्या एका मिनिटाच्या व्हिडिओला सुमारे १७० एमबी लागतात, ६० फ्रेम्सला ४००, तर कमी तपशिलाच्या १०८०पी, ३० फ्रेम्सला ६०. म्हणजे ५०० एमबी कॅश उडवून तीन मिनिटांचाही ४के व्हिडिओ मावत नाही. खरी जागा मोठे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मधल्या ५ एमबीवरच्या फाइल्स देतात. डिलीट केल्यावर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर जागा मोकळी होतच नाही.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते. गूगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं. साधं ‘डिलीट’ क्लाउडमधलीही उडवतं. जागाच हवी असेल तर पहिलंच वापरा.

काळा पडदा: कॅश, डेटा, सेफ मोड की रिसेट?

अँड्रॉइड १२ आणि पुढे क्विक सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा अ‍ॅक्सेस’चं बटण असतं. ते चुकून बंद झालं तरी पडदा काळाच दिसतो, म्हणून आधी ते पाहा. मग फोर्स स्टॉप, रीस्टार्ट, क्लिअर कॅश.

क्लिअर डेटाला लोक उगाच घाबरतात. कॅमेरा अ‍ॅपचा डेटा साफ केला तर सेटिंग्ज मूळपदावर येतात. फोटो कॅमेऱ्याच्या डीसीआयएम (DCIM) फोल्डरमध्ये सुरक्षित राहतात. भीती बाळगायची ती फोटो लपवून ठेवणाऱ्या अ‍ॅप्सबाबत: त्यांचा डेटा साफ केला तर आतले फोटोही जाऊ शकतात.

तरीही अडलं तर सेफ मोड, म्हणजे तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद ठेवून फोन सुरू करणं. बहुतेक फोनमध्ये पॉवर मेनूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. तिथे कॅमेरा चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा. अलीकडे टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढा.

फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा करणं, अगदी शेवटी, आणि तोही दोन्ही कॅमेरे सेफ मोडमध्येही बंद असतील तरच. पुढचा चालतो आणि मागचा नाही, असं असेल तर बिघाड बहुधा कॅमेरा मॉड्यूलचा (लेन्स-सेन्सरच्या सुट्या भागाचा) किंवा त्याच्या कनेक्टरचा. चित्र सतत थरथरत असेल, लेन्समधून गुणगुण ऐकू येत असेल तर ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, गेलंय. मोटरसायकलच्या हँडलला फोन लावण्याने हे होऊ शकतं. अशा वेळी रिसेट करून फक्त डेटा जाईल, फोन दुरुस्तीलाच न्यावा लागेल. रिसेट करायचाच ठरला तर बॅकअपमधला एखादा फोटो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहा आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, याची खात्री करा. रिकव्हरी मेनूतून (फोन पूर्ण सुरू होण्याआधी बटणांनी उघडणारा मेनू) रिसेट केलेला फोन सुरू होताना तेच खातं मागतो.