शेंदरातली 'मुळी' आणि माझे एकवीसशे रुपये

मला विचित्र वस्तू गोळा करायचा नाद. लहानपणी कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ बघितले तेव्हापासूनचा. कपाटात शंख, सापाची कात, पणजोबांचा अडकित्ता असं काहीबाही आहे. करणी-उताऱ्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही, आणि आता वाटतं, म्हणूनच फसलो.

महाद्वार रोडजवळच्या एका बोळात एकजण फडकं अंथरून बसला होता. रुद्राक्ष, खडे, मुळ्या. एका डबीत शेंदूर, चार लवंगा आणि बोटाएवढी तपकिरी वस्तू. मनगटापासून जोडलेले दोन हात, वळलेल्या मुठी, बोटांवरच्या चुण्यासुद्धा!

"हत्थाजोडी हाय साहेब. तिजोरीत ठेवा, लक्ष्मी हलायची न्हाई."

मी हसलो. हे गिऱ्हाईक लक्ष्मीचं नव्हे, हे गड्यानं तिथंच ओळखलं. त्यानं पिशवीतून वाघनखीचं फळ काढलं. काळं, टणक, दोन आकड्यांचं, माळावर पडलेलं असतं तेच. "ह्याच झाडाची मुळी. हजारात एखादीच अशी निघती."

फळ खरं होतं, माझ्या ओळखीचं होतं. ही वनस्पती मूळची मेक्सिकोकडची, हे उलट मीच त्याला ऐकवलं. फळाला दोन आकडे, मग मुळीला दोन हात का नसावेत? पाच हजारांवरून तो एकवीसशेवर आला. घासाघीस जिंकल्याच्या खुशीत मी घरी.

हात जोडलेली वस्तू म्हटल्यावर आईनं ती अंबाबाईच्या फोटोपुढं ठेवली. दोन आठवडे रोज हळदकुंकू.

मग भाची आली. ती प्राणिशास्त्र शिकते. कापसानं शेंदूर पुसून तिनं भिंग लावलं. "मामा, मुळीला तंतू असतात. ही कातडी आहे." तापलेली सुई टेकवली, तर करपलेल्या चामड्याचा वास!

घोरपडीच्या नराला जननेंद्रियं दोन असतात, एरवी शेपटीच्या बुडाशी आत ओढलेली. जनावर मारून ती काढायची, वाळवायची, की झाली हत्थाजोडी. २०१७ साली वन्यजीव संशोधकांनी हा धंदा उघड केला. विकत घेऊन तपासलेल्या काही 'मुळ्या' तर प्लॅस्टिकच्या निघाल्या. माझी प्लॅस्टिकची निघती तर बरं झालं असतं.

कारण घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचा अवयव विकणं, घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षं. ते वाचल्यावर एकवीसशेचं दुःख कुठल्या कुठं पळालं. ज्या मुलखात घोरपडे आडनाव मिरवतात, तिथं तिची ही गत!

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन वनखात्यात गेलो, जे घडलं ते सांगून जमा केली. अख्खी सकाळ गेली, घाम फुटला तो वेगळाच. बोळात परत गेलो तर फडकंही नाही आणि माणूसही नाही.

तुमच्यापुढं कुणी अशी डबी उघडली, तर भाव विचारायच्या फंदात पडू नका. शेजारी वाघनखीचं फळ ठेवलेलं असेल, तर जास्तच सावध व्हा. खऱ्या फळाच्या जिवावर खोटी मुळी खपते. आणि आधीच घेऊन बसला असाल, तर कुणाच्या गळ्यात मारू नका, वनखातं गाठा.

आईला अजून खरं सांगितलेलं नाही. "मुळीला भुंगा लागला, नदीत सोडली," म्हणालो. "पंचगंगेतच ना?" असं विचारून तिनं हात जोडले.