तळजाईवरचं फुकट चेकअप मला साडेसोळा हजारांना पडलं

जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. पण रोज सकाळी टेकडीवर, ग्राउंडवर जाणाऱ्यांनी आणि ज्यांचे आई-वडील जातात त्यांनी तर वाचाच.

मी ४६ वर्षांचा, अकाउंट्समध्ये नोकरी, राहायला पुण्यात सहकारनगरला. लॉकडाऊननंतर वजन ८८ वर गेलं म्हणून तळजाई टेकडीवर जायला लागलो, आधी नुसतं चालणं, मग जॉगिंग, मग आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप जमला आणि दर रविवारी सिंहगड सुरू झाला. पायथ्याच्या आतकरवाडीतून गडाच्या पुणे दरवाज्यापर्यंत मला तेव्हा एक तास दहा मिनिटं लागायची आणि डोक्यात एकच किडा, की तासाच्या आत वर पोचायचं. हा किडा मी येईल जाईल त्याला सांगत सुटायचो, त्यामुळं समोरच्याला माझ्यावर फार मेहनत करावी लागली नाही.

जानेवारीत एका सकाळी टेकडीच्या पायथ्याला एक फोल्डिंग टेबल दिसलं. मागं बॅनर, 'मोफत फुल बॉडी चेकअप', आणि एक तिशीतला पोरगा, टी-शर्टवर 'वेलनेस कोच' लिहिलेलं. बोलायला इतका गोड की काय सांगू, सगळ्यांना काका, काकू, दादा. माझ्या हातात एक धातूची दांडी दिली, म्हणाला दादा मिनिटभर मुठीत घट्ट धरा. त्याआधी लॅपटॉपवर नाव, वय, उंची, वजन टाकून घेतलं (हे लक्षात ठेवा, पुढं येणारे). मिनिटभरात तीसेक पानांचा रिपोर्ट तयार! लिव्हर, किडनी, हाडं, मेंदू, सगळं त्यात. आणि लाल अक्षरात 'फ्री रॅडिकल्स: धोकादायक पातळी' (म्हणजे शरीरात तयार होणारे, पेशींना इजा करू शकणारे चंचल रेणू). तो म्हणाला, दादा तुम्ही पळता ना, पळताना शरीरात गंज चढतो, म्हणून तुमचं टायमिंग अडकलंय.

गंज! मला इतकं पटलं ते.

मग त्यानं ग्लासची जादू दाखवली. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात कुठल्यातरी बाटलीतले तपकिरी थेंब, पाणी चहासारखं झालं. म्हणे हे तुमचं रक्त. मग त्याच्या डब्यातली चमचाभर पावडर टाकून ढवळलं आणि पाणी दोन सेकंदात एकदम नितळ, फिल्टरचं असतं तसं. भोवती उभे असलेले सगळे 'अरे वा' करायला लागले. माझ्या शेजारच्या काकूंनी तर तिथल्या तिथं पर्स उघडली.

तीन महिन्यांचा पॅक साडेसतरा हजार. मी म्हटलं बिल? तर म्हणाला दादा बिल घेतलं तर जीएसटी लागेल, तुमच्यासाठी डायरेक्ट रेट देतोय. मी दिवसभर लोकांच्या बिलांवरच्या सह्या तपासणारा माणूस, आणि त्याच्या पर्सनल नंबरवर गपचूप जीपे केलं. दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज, कुणी एक मेंबर जोडून द्या, हजार रुपये परत. मी आमच्या ग्रुपमधल्या नानांना जोडून दिलं, हजार आले, म्हणून हिशोब साडेसोळा. नाना ७१ वर्षांचे, रिटायर्ड, हृदयाची झडप बदललेली, पण रोज टेकडीवर आमच्या आधी हजर. त्यांनी छोटा पॅक घेतला, चार हजार दोनशेचा. ह्यावर मी पुढं येतो.

आता डब्यांत काय होतं ते सांगतो. सकाळी एक फसफसणारी गोळी, व्यायामाआधी एक स्कूप शेक, जेवणानंतर 'जॉइंट केअर' कॅप्सूल, रात्री व्हिटॅमिन ई. पहिले आठ दिवस मस्त वाटलं, उगाच खोटं का बोला. शेकमध्ये कॅफीन होतं हे नंतर कळलं, म्हणजे तो मस्तपणा दोन कप कडक कॉफीचा होता. मग पोट बिघडलं. तळजाईच्या झाडीत पळताना मधेच पोटात कळ यायची आणि मी वाट सोडून... असो. त्याला फोन केला तर म्हणाला, दादा अभिनंदन, डिटॉक्स सुरू झालाय, विष बाहेर पडतंय, डोस अजिबात सोडू नका! आणि मी नाही सोडला. अजून तीन आठवडे जुलाब काढले, वर ग्रुपमध्ये कौतुकानं सांगितलं की माझा डिटॉक्स चाललाय. आता आठवलं की कानशिलं तापतात.

शेवटी बायकोनं धरून फॅमिली डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले औषधं कोणती चालू आहेत, मी म्हटलं औषध काही नाही, नॅचरल सप्लिमेंट. ते हसले आणि म्हणाले डबे घेऊन या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि कागदावर नुसती बेरीज केली: गोळीत व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम, शेकमध्ये १०००, कॅप्सूलमध्ये ५००. झाले २५००. मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा २००० धरतात आणि त्यापुढं गेलं की पहिली तक्रार जुलाबाचीच असते. पुरुषाला दिवसाला लागतं साधारण ८० मिलिग्रॅम, आणि ते गाडीवरच्या तिखट-मीठ लावलेल्या एका पेरूत आरामात मिळतं. जास्तीचं सी शरीरात ऑक्झलेट होऊन काहींना मुतखडाही होऊ शकतो, आणि माझ्या भावाला खडा होऊन गेलेला आहे. सगळं बंद केलं, तीन दिवसांत पोट ठीक. माझं विष म्हणजे तीन आकड्यांची बेरीज होती.

गंजाचं प्रकरण मात्र मला भाचीनं समजावलं. ती फिजिओथेरपी शिकते, घरी आली होती. ती म्हणाली मामा, व्यायाम करताना फ्री रॅडिकल्स तयार होतात हे खरंय, पण ते नुसते गुंड नाहीत, निरोपेही आहेत. स्नायू दमला की तेच आत निरोप देतात की बाबा रे, ताण वाढलाय, पेशीतली ऊर्जेची केंद्रं वाढवा, स्वतःची बचाव करणारी एन्झाइम वाढवा. ह्यालाच आपण स्टॅमिना वाढला म्हणतो. आता रोज वरून ढीगभर अँटीऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करणारे सी, ई असले पदार्थ, ओतले तर निरोप्याला दारातच गप्प केल्यासारखं होतं. जर्मनीतला, २००९ ला छापून आलेला एक प्रयोग तिनं दाखवला, ४० तरुण मुलं, चार आठवडे व्यायाम, निम्म्यांना रोज सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करायला लागलं, गोळ्यावाल्यांना तो फायदाच झाला नाही. मी माझी ईची बाटली बघितली, ४०० युनिट. मग नॉर्वेतला २०१४ चा, ५४ जण, ११ आठवडे, त्यातही गोळ्यावाल्यांच्या स्नायूत ती ऊर्जाकेंद्रं वाढल्याच्या खुणा नीट दिसल्या नाहीत. पण भाची प्रामाणिक आहे, तिनं हेही सांगितलं की त्या प्रयोगात ऑक्सिजन वापरायची क्षमता दोन्ही गटांची सारखीच वाढली. म्हणजे माझं सिंहगडचं टायमिंग ह्या गोळ्यांमुळंच अडकलं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. रात्री दहाला मिसळ खाऊन पहाटे गड चढणारा माणूस आहे मी, कारणं बरीच असतील. पण साडेसोळा हजारांनी एक मिनिटही कमी झालं नाही एवढं नक्की.

आणि 'नॅचरल आहे, नुकसान काय होणारे' म्हणणाऱ्यांसाठी एक. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, निकाल १९९४ ला आला. बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं ते, त्याच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल असं वाटलं होतं, तर गोळ्या घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खा हो बिनधास्त, गोळीचा हिशोब वेगळा असतो.

ग्लासची जादू भाचीनं आमच्या ओट्यावर करून दाखवली. जखमेवर लावतात ते आयोडीनचं औषध पाण्यात टाकलं, तस्साच चहा. मग मेडिकलमधली दोन-तीन रुपयांची चघळायची सीची गोळी खलबत्त्यात कुटून टाकली, पाणी नितळ. दुसऱ्या ग्लासात तिच्या भावाच्या फिश टँकचं क्लोरीन घालवायचे थेंब टाकले, तेही नितळ! म्हणाली मामा, हे पण पिऊन बघ मग, टायमिंग सुधारेल. आयोडीनचा रंग उडतो, बस, रक्ताशी काही संबंध नाही. बायको इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं.

मशीनची परीक्षा मी स्वतः घेतली. तो कोच दुसऱ्या टेकडीवर बसतो असं कळलं म्हणून ऑफिसमधल्या मित्राला पाठवलं, दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा, वेगळी नावं सांगून, टेबलावर माणसं बदलतात तो मोका साधून. पहिल्यांदा वय ३२ सांगितलं, मग ५८. मूठ तीच, हाडं एकदा ठणठणीत आणि एकदा ठिसूळ. टाकलेल्या वयावरून रिपोर्ट छापत होतं ते यंत्र. असली दांडी मुठीत धरून फ्री रॅडिकल्स मोजता येत नाहीत, हाडांची घनता तर नाहीच नाही.

डब्यांवर मी घेण्याआधी काय बघायला हवं होतं? एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, लायसन्स नंबर १४ आकडी असतो, माझ्या डब्यावर १३ आकडे होते. बोट ठेवून ठेवून तीनदा मोजले. पूर्ण नंबर असेल तर तो त्यांच्या फॉस्कॉस साइटवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का तेही बघता येतं. असल्या सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं, ते नव्हतं. एक्सपायरीवर स्टिकर, खाली दुसरी तारीख. आणि नंबर बरोबर असला म्हणजे माल उपयोगी असतो असंही नाही हं. सगळंच थोतांड आहे असं मी म्हणत नाही, क्रिएटिन आणि कॅफीनचा खेळात उपयोग होतो ह्याला चांगला पुरावा आहे, रक्त तपासून बी१२ किंवा डी कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतातच. पण ते रक्त तपासून, मुठीत दांडी धरून नाही.

पैसे मागायला फोन केला तर आधी 'उघडलेला डबा रिटर्न होत नाही', मग 'तुम्ही कोर्स नीट केला नाही', मग ब्लॉक. १९१५ ह्या नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, अन्न आणि औषध प्रशासनाला डब्यांचे फोटो दिलेत. बिल नसल्यामुळं माझी बाजू लंगडी आहे हे मला माहितीये.

आता नाना. मी डॉक्टरांना जाता जाता सहज बोललो, आमच्या एका काकांनी पण घेतलंय, त्यांची झडप बदललीये आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. म्हणाले त्या गोळीबरोबर व्हिटॅमिन ईचा मोठा डोस म्हणजे रक्तस्रावाचा धोका, आत्ताच्या आत्ता फोन करा. मी क्लिनिकच्या जिन्यात उभा राहून फोन लावला, तर उचलेनात. गाडी काढली, बायकोला मागं बसवलं आणि थेट पद्मावतीला त्यांच्या घरी. सिग्नल किती तोडले विचारू नका.

नानांनी दार उघडलं, चहा टाक गं म्हणून आत ओरडले. मी म्हटलं नाना आधी त्या गोळ्या दाखवा, किती खाल्ल्या? ते कपाटातून पिशवी घेऊन आले, बाटली तशीच, सील सुद्धा शाबूत. थोडे ओशाळले. म्हणाले, "तू एवढ्या भरवशानं सांगितलंस म्हणून घेतली रे, पण ते झाकण दाबून फिरवायचं असतं ना, माझ्या बोटांना काही जमेना. आणि रोज रोज सुनेला काय सांगायचं, म्हणून ठेवून दिली."

मी त्यांच्या हातात चार हजार दोनशे ठेवले. ते घेत नव्हते, मग घेतले, मोजले, आणि म्हणाले, "तुला ते हजार मिळाले होते, ते आता परत द्यावे लागतील का त्याला?"